कन्फेक्शनरीची व्यवसाय शाळा काढायची, तर माल बिघडवायची सोय आधी हवी

उकळबिंदू (धागाकर्ता)

आमच्या व्यवसायातल्या काही उत्पादकांनी मिळून कन्फेक्शनरीसाठी एक व्यवसाय शाळा काढायचं मनावर घेतलंय. साखरेच्या गोळ्या, टॉफी, जेली, चॉकलेट, टिकाऊ बिस्किटं असं सगळंच त्यात येईल. अभ्यासक्रमाचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. बैठकीत चर्चा मात्र जागा, इमारत आणि यंत्रांच्या यादीभोवतीच फिरते. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न निकालात काढायला हवा. या शाळेत विद्यार्थ्याला माल मुद्दाम बिघडवू देणार आहोत का?

कारखान्यात नवा मुलगा कढईजवळ उभा राहतो आणि जुना कारागीर करतो ते बघतो. पाक बिघडायला लागला की त्याला बाजूला सारतात, कारण घाणा वाया गेला तर ऑर्डर लांबते. म्हणजे नेमकं शिकण्यासारखं काही घडत असतं तेव्हाच त्याच्या हातातून झारा काढून घेतला जातो. अशी वर्षं निघून जातात. त्याला काय करायचं ते पाठ होतं, पण तसं का करायचं हे कळत नाही. मग कच्चा माल बदलला, पावसाळी हवा आली किंवा नवं यंत्र बसलं, की तो अडतो.

कडक गोळीचंच उदाहरण घेऊ. साखर आणि ग्लुकोज सिरप एकत्र उकळून १४५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेलं की त्यात पाणी जेमतेम २-३ टक्के उरतं आणि थंड झाल्यावर ते काचेसारखं पारदर्शक होतं. ग्लुकोज सिरप कमी पडलं तर साखर पुन्हा रवा धरते आणि गोळी पांढुरकी, भुसभुशीत होते. आम्ल जास्त पडलं किंवा पाक फार वेळ आचेवर राहिला, तर साखरेचं विघटन होऊन इन्व्हर्ट शुगर (ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं मिश्रण) वाढते. मग गोळी हवेतला ओलावा ओढते आणि कागदाला चिकटते. दोन्ही दोष एकाच कढईत जन्मतात, पण उपाय उलटे. चिकट गोळी पाहून कुणी ग्लुकोज सिरप वाढवलं तर आगीत तेल.

म्हणून मसुद्यात पहिल्याच महिन्यात हा पाठ घातलाय. चार कढया लावायच्या. एकीत नुसती साखर आणि पाणी. दुसरीत साखर आणि ग्लुकोज सिरप ६०:४०, पूर्ण तापमानापर्यंत. तिसरीत तेच प्रमाण, पण आम्ल सुरुवातीलाच आणि भरपूर. चौथीत प्रमाण बरोबर, पण १३५ अंशांवरच उतरवलेला पाक. चारही ट्रे उघडे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने बघायचे. कारखान्यात हा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि न देण्यात कारखान्याचं काही चुकतही नाही. शाळा हवी ती याचसाठी.

एका उद्योगाने मिळून शाळा काढणं ही नवलाची गोष्ट नाही. लंडनमध्ये बेकरीची राष्ट्रीय शाळा १८९४ साली सुरू झाली. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नची रिशमाँ शाळा १९४५ची. जर्मनीतल्या झोलिंगेनमधली गोड पदार्थ उद्योगाची मध्यवर्ती शाळा १९५१ची. युद्धानंतर तिथे साखरेचं रेशनिंग नुकतंच उठलं होतं, सगळेच कारखाने नव्याने उभे राहत होते, आणि अशा वेळी शिकवण्याची सोय एकत्र करायची हे उद्योगाने ठरवलं. हे मला फार मोलाचं वाटतं. हाती पैसा खेळू लागेपर्यंत ते थांबले नाहीत.

तुमची मतं हवीत. कढईजवळ काम केलेल्यांची तर हवीतच.

---

झारा

उकळबिंदू, धागा काढलात ते बरं केलंत. पूर्ण सहमत, पण एक काळजी आहे. शाळा म्हटली की थर्मामीटर येतो आणि हात मागे पडतो. तसं होऊ देऊ नका.

पाक ११२-११६ अंशांवर असताना थंड पाण्यात थेंब सोडला की बोटात मऊ गोळी येते, उचलली की चपटी होते. १२० च्या पुढे ती घट्ट होते, दाबली तरी आकार सोडत नाही. १३२ नंतर पाण्यात तार पडते, ती आधी वाकते आणि मग मोडते. १४६ ओलांडलं की वाकतच नाही, टचकन तुटते आणि दाताला चिकटत नाही. हे आकडे मी आता लिहितोय, पण कारागिराला ते बुडबुड्यांवरून कळतं. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि उतावळे असतात. पाणी कमी होत जातं तसे लहान होतात, संथ होतात, फुटतानाचा आवाजही बदलतो.

ओढायच्या साखरेचं तर विचारूच नका. फरशीवर ओतलेला पाक कडेने आधी थंड होतो, मधून नाही. कडा आत दुमडत राहायचं. घाई केली तर मध्ये पातळ आणि वर कडक पापुद्रा. पुरेसा थंड झाला की ओढायला घ्यायचा. ओढताना हवा आत शिरते, रंग पिवळसर पारदर्शकाचा रेशमी पांढरा होतो आणि एका क्षणी हाताला विरोध जाणवतो. तिथे थांबायचं. आणखी ओढलं तर चमक जाते आणि रवा धरतो. हा क्षण दाखवता येतो, सांगता येत नाही. विद्यार्थ्याने पुढे जाऊन एकदा चमक घालवली पाहिजे, तेव्हाच त्याला ती सीमा कळेल. म्हणून तुमचा मुद्दा पटला.

---

कारखानदार_एक

मी छोटा उत्पादक आहे, स्पष्ट लिहितो. दोन अडचणी.

पहिली, वाया जाणारा माल. साखर एक वेळ चालेल, पण कोको बटर (चॉकलेटमधली चरबी) आणि सुकामेवा? रोज बिघडवायचं म्हटलं तर वर्षाचा खर्च कोण उचलणार?

दुसरी मोठी आहे. मी वर्गणी भरायची, माझा मुलगा (कारखान्यातला, घरचा नव्हे) शाळेत पाठवायचा, आणि तो शिकून आला की शेजारचा मोठा कारखाना चार पैसे जास्त देऊन त्याला उचलणार. मग मी का शिकवू? शिवाय तो माझ्या पाककृती घेऊन जाईल ते वेगळंच.

---

उकळबिंदू

दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. बैठकीतही याच आल्या.

वाया जाण्याबद्दल आधी. चॉकलेट बिघडलं म्हणजे बहुतेक वेळा फक्त त्याचं स्फटिकीकरण बिघडलेलं असतं. ४५-५० अंशांना पुन्हा वितळवलं की कोको बटरच्या आधीच्या स्फटिकांची आठवणही उरत नाही. पाणी शिरलं नाही आणि करपलं नाही, तर तेच चॉकलेट सरावासाठी कितीतरी वेळा वापरता येतं. त्यामुळे टेम्परिंगच्या, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन नीट गोठवण्याच्या, सरावाला एक ठरावीक साठा पुरतो, तो दरवेळी नव्याने आणावा लागत नाही. बिघडलेली कडक गोळी पाण्यात विरघळवून गाळून पुन्हा उकळता येते. सुकामेवा सुरुवातीच्या पाठांत लागतच नाही. खरोखर टाकून द्यावा लागतो तो करपलेला पाक आणि दुधाचे बिघडलेले घाणे. तो खर्च अंदाजपत्रकात 'शिकवण्याचा माल' म्हणून उघडपणे लिहायचा, नुकसान म्हणून नाही.

आता माणसं पळवण्याबद्दल. एकट्या कारखान्याने शिकवलं तर तुम्ही म्हणता तेच होतं. म्हणूनच वर्गणी फक्त मुलं पाठवणाऱ्यांकडून घ्यायची नाही, सगळ्या सभासदांकडून घ्यायची, आणि ती उलाढालीच्या प्रमाणात. जो मोठा कारखाना शिकलेली माणसं उचलतो, त्याने त्या शिक्षणाचे पैसे आधीच भरलेले असतील. लहान कारखान्याला याचा सर्वांत जास्त फायदा आहे, कारण स्वतःची प्रशिक्षण शाखा काढणं त्याला कधीच परवडणार नाही.

पाककृतींचं म्हणाल तर शाळेत कुणाचीच पाककृती येणार नाही. सरावाची सूत्रं सगळी साधी आणि उघडी असतील. तुमची पाककृती तुमच्या कारखान्यातच राहील.

---

मोजपट्टी

मी गुणवत्ता विभागात आहे. कारखानदार_एक यांच्या मुद्द्यातून एक पाठच तयार होतो. पुन्हा वापरलेला माल. बिघडलेली गोळी विरघळवून परत उकळली की दरवेळी इन्व्हर्ट शुगर थोडी वाढते, कारण त्यात रंग, आम्ल आणि वास आधीच असतात. नव्या घाण्यात असा माल किती टक्के घालायचा, हे न कळल्याने अख्खी पाळी चिकट होते. विद्यार्थ्यांना वाढत्या प्रमाणात घालून बघू द्या, रेघ कुठे ओढायची ते त्यांना स्वतःच सापडेल.

झारादादांच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण मोजमाप हाताच्या विरोधात नाही. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण १ अंश कमी तापमानाला उकळतं. पाकाचंही तसंच. उंचावरच्या गावात समुद्रकाठचं पुस्तक उघडून तोच आकडा गाठला तर पाक जास्त आटतो. त्यामुळे आकड्यामागे 'किती पाणी उरलं' हा प्रश्न असतो, हे शिकवायला हवं. थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर (पाकातलं साखरेचं प्रमाण दाखवणारा), तराजू आणि हवेतला ओलावा मोजणारं साधन या चार गोष्टी प्रत्येक गटाकडे हव्यातच. मोठं यंत्र एक कमी घेतलं तरी चालेल.

त्यापुढचं म्हणजे जलक्रियता. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती मोकळं आहे, हे ० ते १ या मापावर सांगतात. ०.६ च्या खाली बुरशी, यीस्ट, जिवाणू यांपैकी काहीच वाढत नाही. कडक गोळी त्याच्या खूप खाली असते, मऊ जेली त्या रेषेच्या आसपास किंवा वर. ज्याला हे कळलं त्याला कळतं की बिस्किटावर जेलीचा थर दिला तर काही दिवसांत बिस्कीट मऊ का पडतं. पाणी जास्त क्रियतेकडून कमी क्रियतेकडे जातं, दोन्हींतली टक्केवारी काहीही असो.

आणि एक पाठ कच्चा माल ओळखण्याचा. १८५८ साली इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसं दगावली आणि २०० हून जास्त आजारी पडली. साखर महाग म्हणून तिच्यात स्वस्त पांढरी भुकटी मिसळायची पद्धत होती. ती आणायला गेलेल्याला औषधविक्याच्या दुकानातून चुकून आर्सेनिक दिलं गेलं. गोळ्या करणाऱ्याला माल नेहमीपेक्षा वेगळा दिसला होता, तरी तो विकला गेला. पुढे तिथे भेसळीविरुद्ध १८६० चा कायदा झाला, त्यामागे या घटनेचा हात होता. पांढऱ्या भुकट्या सगळ्या सारख्या दिसतात. सायट्रिक आम्ल, सोडा, स्टार्च, पिठीसाखर. डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय आणि वहीत नोंद केल्याशिवाय काहीही कढईत टाकायचं नाही, ही शिस्त नोकरी लागण्याआधी अंगात भिनली पाहिजे.

---

वाचनमात्र

या क्षेत्रातली नाही, पण धागा सोडवत नाहीये. एक शंका. चॉकलेटवर कधी कधी पांढरट थर दिसतो. ती बुरशी असते का? आणि असं शाळेत कसं शिकवणार?

---

मोजपट्टी

बुरशी नसते. त्याला ब्लूम म्हणतात आणि तो दोन प्रकारचा असतो. उष्णतेने किंवा चुकीच्या टेम्परिंगमुळे कोको बटर पृष्ठभागावर येऊन गोठतं, तो चरबीचा ब्लूम. थंड चॉकलेट दमट हवेत काढलं, त्यावर दव बसलं, साखर विरघळली आणि पाणी उडून गेल्यावर तिचे कण मागे राहिले, तर तो साखरेचा. ओलं बोट फिरवा. थर विरघळला तर साखरेचा. बोटाच्या उबेने वितळून दिसेनासा झाला तर चरबीचा. विद्यार्थ्याला दोन्ही प्रकार स्वतःच्या हाताने तयार करायला लावायचे, म्हणजे पुढे गोदामातून तक्रार आली की दोष कारखान्यातला की वाहतुकीतला हे तो सांगू शकेल.

---

झारा

यातला टेम्परिंगचा पाठ मी कसा घेईन ते लिहितो. मसुद्यात घालायचा असेल तर घाला.

कोको बटरची सहा स्फटिकरूपं आहेत. आपल्याला पाचवं हवं असतं, ते ३३-३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं. विद्यार्थ्यांना एकच काळं चॉकलेट द्यायचं आणि तीन ट्रे करायचे. पहिला ट्रे: ४५ अंशांना वितळवून तसंच ओतलेलं. दुसरा: वितळवून २७-२८ पर्यंत ढवळत थंड केलेलं आणि लगेच ओतलेलं. तिसरा: २७-२८ पर्यंत आणून परत ३१-३२ ला नेलेलं. दुधाचं चॉकलेट असेल तर शेवटचा आकडा एक-दोन अंश कमी.

पहिला ट्रे तासाभरानंतरही मऊ, साच्याला चिकटलेला आणि दोन दिवसांत डागाळलेला. दुसरा ओततानाच इतका घट्ट की साच्याच्या कोपऱ्यात पोचत नाही, हवेचे फुगे अडकतात. तिसरा काही मिनिटांत कडेने मंद दिसू लागतो, आक्रसतो आणि साचा उलटा केला की आपोआप सुटतो. तुकडा मोडला की टक्क आवाज.

तीनही तुकडे हातात देऊन डोळे मिटून मोडायला लावायचे. आवाजावरून कोणता कुठला ते ओळखा. मग प्रत्येकाने पहिला ट्रे परत वितळवून त्याचा तिसरा करून दाखवायचा. ज्याला हे जमलं नाही त्याला मुलामा देणाऱ्या यंत्राजवळ सोडायचं नाही. त्या यंत्रावर आकडे दिसतात, पण टेम्पर गेलेला ते सांगत नाही.

खोलीही सांभाळा. चॉकलेटचं काम १८-२० अंशांत, आणि कडक गोळ्या भरायच्या खोलीत हवेतला सापेक्ष ओलावा ४० टक्क्यांच्या खाली. साखर शिजवण्याची खोली आणि चॉकलेटची खोली एकच ठेवलीत तर दोन्ही पाठ फसतील. इमारतीचा नकाशा काढणाऱ्याला हे आधी सांगा, नंतर भिंत घालणं फार महाग पडतं.

---

शिकवणी

मी तांत्रिक शिक्षणात बरीच वर्षं आहे, वेगळ्या व्यवसायात. शाळा बसतात किंवा उभ्या राहतात त्या शिक्षकांवर. इथेही प्रश्न तोच येणार. ज्याला काम येतं त्याला शिकवायची सवय नसते, आणि ज्याला शिकवता येतं त्याने कढई हाताळलेली नसते. एकाच माणसात दोन्ही शोधत बसू नका. प्रत्यक्ष पाठाला दोघं उभे करा. एक झारा यांच्यासारखा, दुसरा रसायन किंवा अन्नतंत्र शिकलेला. कारागीर करून दाखवेल, दुसरा तिथल्या तिथे कारण सांगेल. पाठ संपल्यावर दोघांनी मिळून वही लिहायची. दोन-तीन तुकड्यांनंतर त्या वह्यांतूनच तुमचं पाठ्यपुस्तक होईल. पुस्तक आधी लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

यंत्रांबद्दल सावध करतो. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या शाळेला यंत्र उसनं किंवा फुकट द्यायला तयार होतात आणि ते घ्यावंही. पण लेखी ठरवा की अभ्यासक्रम कुठल्याही एका यंत्रावर बेतलेला नसेल. नाहीतर विद्यार्थी बटणं शिकतो, प्रक्रिया नाही. उघड्या कढईत पाक शिजवायला शिकलेला मुलगा निर्वात कुकरवर लवकर रुळतो. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला निघून जातं आणि पाक कमी करपतो, एवढंच त्याला नव्याने कळायचं असतं. उलट दिशेने मात्र फार जड जातं.

शाळेचा माल विकून खर्च भागवायची कल्पना कुणीतरी नक्की काढेल. तिला ठाम नकार द्या. विक्री सुरू झाली की ऑर्डर येते, ऑर्डर आली की बिघडवायची मुभा जाते, आणि तुमचा मूळ हेतूच संपतो. पैसे मिळवायचेच असतील तर नोकरीत असलेल्यांसाठी आठवड्याभराचे वर्ग काढा आणि छोट्या उत्पादकांना नमुने तपासून द्या. अमेरिकेत मॅडिसनच्या विद्यापीठात कन्फेक्शनरीचा असा छोटा वर्ग १९६३ पासून उद्योगाच्या साथीने चालतो.

परीक्षेबद्दल उकळबिंदू काहीच बोलले नाहीत. माझं मत असं की अंतिम परीक्षेत चांगला माल करायला सांगणं हा अर्धाच भाग. दुसऱ्या भागात बिघडलेले नमुने ठेवा. घाम फुटलेली जेली, रवाळ टॉफी, भेगा पडलेला मुलामा. विद्यार्थ्याने दोष ओळखायचा, दोन संभाव्य कारणं सांगायची, त्यांपैकी खरं कोणतं हे कसं तपासणार ते लिहायचं आणि मग तपासून दाखवायचं. परीक्षक बाहेरचे असावेत, आपल्या विद्यार्थ्याला आपणच गुण दिले की प्रमाणपत्राची किंमत पहिल्या वर्षीच कमी होते.

---

संध्यारंग

मी पॅकिंग लाइनवर काम करते. आमच्याकडे बायका भरपूर आहेत, पण कढईजवळ जवळजवळ कुणी नाही. कारण विचारलं तर 'त्यांना अनुभव नाही' असं सांगतात. अनुभव द्यायचाच नाही आणि नाही म्हणायचं. तुमच्या शाळेत प्रवेशाची अट काय असणार? दहावी-बारावी झालेल्या नव्या मुलांसाठीच की आधीपासून कामावर असलेल्यांसाठी पण? दिवसभर पाळी करून आम्ही वर्षानुवर्षं शाळेत येऊ शकत नाही. आणि शिकवणार कुठल्या भाषेत? इंग्रजी पुस्तकं असतील तर आमच्यातल्या निम्म्या पहिल्याच दिवशी गळतील.

लाइनवर उभं राहून आम्हाला बरंच कळतं. कागद चिकटायला लागला की आम्ही सकाळी पहिल्या तासातच सांगतो की आज माल ओला आहे. तो का ओला आहे हे आम्हाला कुणी सांगत नाही.

---

उकळबिंदू

संध्यारंगताई, तुमचा प्रतिसाद मसुद्याच्या पहिल्या पानावर जायला हवा. खरंच सांगतो, ही बाजू बैठकीत कुणी मांडली नव्हती.

तीन वाटा ठेवू असं आता मला वाटतं. नव्यांसाठी उमेदवारीसह पूर्ण अभ्यासक्रम, कारखान्यात काम आणि मध्येमध्ये काही आठवडे सलग शाळा. जर्मनीत हाच साचा आहे, तिथे या व्यवसायाची उमेदवारी तीन वर्षांची असते. दुसरी वाट कामावर असलेल्यांसाठी, सुट्या तुकड्यांची: साखर शिजवणं, चॉकलेट, जेली, स्वच्छता, प्रत्येक तुकड्याचं वेगळं प्रमाणपत्र आणि सगळे तुकडे पूर्ण केले की पूर्ण पात्रता. तिसरी वाट ज्यांना काम येतंच त्यांच्यासाठी. त्यांनी थेट परीक्षेला बसायचं, शाळेत न बसता. झारादादांसारख्या माणसाकडे कागद नाही म्हणून त्याला शिक्षक नेमता येत नाही, ही अडचणही त्यातून सुटेल.

प्रवेशाला शालेय गुणांची अट नको, त्रैराशिक आणि टक्केवारी आली पाहिजे. नसेल येत तर पहिल्या आठवड्यात शिकवू. शिकवणं विद्यार्थ्यांच्या भाषेत. पाळी सोडून येणाऱ्यांचा पगार कापला जाणार नाही, हे सभासद होताना कारखान्याने लिहून द्यायचं. यावर बैठकीत वाद होईल. होऊ दे.

---

मोजपट्टी

सुरक्षेचा विषय कुणी काढला नाही, म्हणून मी काढते. उकळता पाक पाण्यापेक्षा धोकादायक असतो, कारण तो १०० च्या बराच वर असतो आणि त्वचेला चिकटून राहतो. भाजलं की अंगठी-बांगडी लगेच काढून वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, बर्फ नाही, मलम नाही. प्रत्येक ओट्याजवळ नळ हवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला असून उपयोग नाही.

दुसरा धोका धुळीचा. पिठीसाखर आणि जेलीच्या साच्यांसाठी वापरलेला कोरडा स्टार्च हवेत उडाला की त्याचा स्फोट होऊ शकतो. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात असा स्फोट झाला, १४ कामगार गेले. पहिला धमाका साखर वाहून नेणाऱ्या बंदिस्त पट्ट्यावरच्या धुळीचा होता. त्याने इमारतीभर साठलेली धूळ उडवली आणि मग एकामागून एक स्फोट होत गेले. तुळईवरची धूळ झाडणं हे सफाईचं नव्हे तर सुरक्षेचं काम आहे, आणि ती दाबाच्या हवेने उडवायची नाही.

तिसरी गोष्ट, चॉकलेटच्या यंत्रात पाणी नाही. कोरडी सफाईच. चॉकलेटमध्ये साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू वाढत नाही पण तगून राहतो, आणि ओलावा मिळाला की त्याला वाव मिळतो. शिवाय दुधाच्या चॉकलेटनंतर त्याच यंत्रावर काळं चॉकलेट काढलं तर त्यात दूध येतंच. दुधाची ॲलर्जी असलेल्याला ते महागात पडू शकतं. हा पाठ टेम्परिंगच्या आधी घ्या.

---

कारखानदार_एक

सगळं वाचलं. उलाढालीच्या प्रमाणात वर्गणी असेल तर मी आत आहे. वाया जाण्याचा हिशोबही पटला, चॉकलेट परत वितळवता येतं हे मला माहीत होतं, पण सरावाचा माल म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

पगार न कापता आठवडाभर माणूस सोडायचा याला मात्र माझी अजून तयारी नाही. माझ्याकडे एका पाळीत कढईवर दोनच माणसं आहेत. एक गेला तर कढई बंद. मोठ्यांना हे कळणार नाही. हंगाम सोडून वर्ग ठेवलेत आणि बदली माणूस पाठवायची काही सोय केलीत तर विचार करीन.

आणि पहिल्या तुकडीत किती घेणार? बैठकीत कुणी ६० म्हणाल्याचं ऐकलं.

---

उकळबिंदू

बदली माणसाची कल्पना चांगली आहे. पहिल्या वाटेने शिकणारे उमेदवार दुसऱ्या वर्षानंतर बदलीवर पाठवता येतील, त्यांनाही वेगळा कारखाना बघायला मिळेल. पहिल्या वर्षी ते शक्य नाही, तेव्हा हंगाम सोडूनच वर्ग ठेवू. कढईवर दोनच माणसं असणाऱ्या कारखान्यांसाठी पगाराचा काही भाग शाळेच्या निधीतून द्यावा असा प्रस्ताव मी मांडतो.

६० चा आकडा आला होता, इमारतीच्या खर्चाची वाटणी चांगली दिसते म्हणून. माझा आकडा १२ आहे. चार कढया, प्रत्येकीवर तिघं: एक ढवळणारा, एक मोजणारा, एक नोंद करणारा, आणि दर घाण्याला जागा बदलायच्या. तिघांपेक्षा जास्त झाले की उरलेले नुसते बघत उभे राहतात, आणि ते कारखान्यातही होतंच. शिक्षकांची एक जोडी एका वेळी चारच कढयांवर नजर ठेवू शकते, पाक १४० च्या पुढे गेल्यावर तर त्याहून जास्त नाहीच.

झारादादा, तीन ट्रेचा पाठ मसुद्यात जसाच्या तसा घेतोय. मोजपट्टीताई, नळांच्या जागा आणि दोन वेगळ्या खोल्यांसह नकाशाची टाचणं मला व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का? पुढच्या बैठकीआधी ती वास्तुरचनाकाराकडे द्यायची आहेत.